विसण

वाईच्या आमच्या घरी न्हाणीघर स्वयंपाकघराच्या मागे होतं. तांब्याचा बंब, त्याच्या पोटातल्या नळीत पेटलेल्या ढलप्या आणि समोर घंगाळ. बंबातलं पाणी कढत असायचं, म्हणून त्यात हंड्यातल्या गार पाण्याचं विसण घालायचं. ते किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं: आजोबांना नावापुरतं, आईला निम्मं, आम्हा मुलांना हात बुडवून ‘आता बरंय’ वाटेपर्यंत. पाटावर बसून तांब्यानं अंगावर पाणी घेतलं की ते मोरीतून थेट परसातल्या अळूला जायचं. आपण जेवढं पाणी काढलं तेवढं बंबात पुन्हा ओतायचं, एक ढलपी आत सारायची आणि मगच बाहेर यायचं. मागून येणाऱ्याचं पाणी तापत ठेवणं हे पुढच्याचं काम. घर म्हणजे काय याची माझी पहिली समज या कामातून आली, असं मला आता वाटतं.

लग्नानंतर लीड्सला गेले. आमचं भाड्याचं घर लाल विटांचं, पाठीला पाठ लावून बांधलेल्या रांगेतलं होतं. अशा घराच्या तीन भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, खिडक्या फक्त पुढच्या बाजूला. कामगारांसाठी बांधलेली ही घरं त्या शहरात १९३७पर्यंत उभी राहत होती. मुळात त्यांत न्हाणीघर नव्हतंच. पुढे कुठे तळघरात, कुठे माळ्यावर, तर कुठे झोपायच्या खोलीचा कोपरा कापून ते बसवलं गेलं. आमच्याकडे तो कोपरा होता, आणि तिथे जमिनीवर चक्क गालिचा होता. मोरी नाही, पाणी वाहून जायला वाट नाही. जे काही सांडायचं ते टबाच्या आतच. दिव्याचं बटणही भिंतीवर नाही, छतातून लोंबणारी दोरी ओढायची. ओल्या हातानं विजेला शिवू नये म्हणून केलेली ती सोय मला फार शहाणपणाची वाटली.

बेसिनला मात्र दोन नळ, एकमेकांपासून वीतभर लांब. एकातून हात पोळणारं पाणी, दुसऱ्यातून बधिर करणारं. याची मुळं घराच्या रचनेत आहेत. गार पाणी थेट रस्त्याखालच्या नळातून येई आणि ते पिण्याचं. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून तांब्याच्या सिलिंडरमध्ये उतरून तापे, आणि टाकीत साठलेलं म्हणून ते पिण्याचं मानत नसत. साठवणीचं पाणी उलटं फिरून शहराच्या पाण्यात मिसळू नये, यासाठी दोन्ही प्रवाह शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे. त्यांची गाठ घालायची ती बेसिनला बूच लावून, आपल्या हातानं. हे उमगल्यावर त्या दोन नळांबद्दलचा माझा राग गेला. बेसिन हे छोटं घंगाळच आहे, वाहत्या पाण्यात हात धुवायला ते केलेलंच नाही. सिलिंडर ज्या कपाटात असे, तिथल्या फळ्यांवर टॉवेल आणि मुलाची झबली ठेवायची. नोव्हेंबरच्या ओल्या अंधारात ते कपाट उघडलं की आतून उबदार सुती वास यायचा. त्या घरातली माझी सगळ्यांत आवडती जागा तीच.

इंग्रजांची आंघोळ एकट्याची, दाराला कडी लावून. मला वाटे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज असणार. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी वेगळं चित्र सांगितलं. त्यांच्या लहानपणी पत्र्याचा टब अंगणात खिळ्याला टांगलेला असे. आठवड्यातून एकदा तो शेगडीपुढे यायचा, किटल्या-पातेल्यांनी भरायचा. आधी वडील, मग पोरं एकामागून एक, त्याच पाण्यात. शेवटच्याच्या वाट्याला राखाडी, कोमट पाणी आणि त्यात आईनं ओतलेली आणखी एक किटली. १९५१च्या जनगणनेतही ब्रिटनमधल्या एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांकडे स्वतःचा कायमचा बसवलेला टब नव्हता. सार्वजनिक स्नानगृहं होती, १८४६च्या कायद्यानं नगरपालिकांना ती बांधता येऊ लागली होती. पण तिथेही प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळा टब. नळाची किल्ली बाहेरच्या कर्मचाऱ्याकडे असे, आणि आतून ओरडून सांगायचं: पाच नंबरला अजून गरम! लोकांनी भरलेल्या इमारतीतही माणूस पाण्यात एकटाच.

नंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योला आलो. निशि-कासाईत यूआर या गृहसंस्थेच्या वसाहतीत जागा मिळाली. तिथे जामीनदार लागत नाही, म्हणून आपल्याकडची बरीच कुटुंबं तिथे आहेत. या यूआरचं मूळ १९५५ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण महामंडळात आहे. युद्धानंतर घरांची इतकी टंचाई असतानाही त्या मंडळानं आपल्या छोट्या सदनिकांमध्ये न्हाणीघराला जागा काढली, सुरुवातीला लाकडी टबासकट. जपानी घर बाकी सगळ्यात हात आखडेल, पण इथे नाही. संडास वेगळा, कपडे उतरवायची जागा वेगळी, आणि आतली खोली पूर्ण भिजवण्यासाठीच बनवलेली.

तिथे बुटक्या स्टुलावर बसायचं, पसरट भांड्यानं अंगावर पाणी घ्यायचं, साबण लावून स्वच्छ व्हायचं. इथवर मी वाईतच होते. त्यानंतर मात्र गळ्यापर्यंत पाण्याच्या खोल टबात उतरायचं, आणि ते पाणी सोडून द्यायचं नाही. वर झाकण घालायचं, कारण मागून दुसरा येणार आहे. मळ आधीच गेलेला असतो, टबातली असते ती फक्त ऊब, आणि ती घरात सगळ्यांची. अंगावरून गेलेलं पाणी परत न शिवण्याच्या संस्कारात वाढलेली मी, पहिल्या वेळी टबाच्या काठावर बराच वेळ उभी होते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी कित्येक घरांत नळीनं वॉशिंग मशीनमध्ये जातं.

विसण तिथे यंत्र घालतं. भिंतीवरच्या पाटीवर चाळीस-एकेचाळीस अंश ठरवायचे; टब भरला की जर्मन संगीतकार ओएस्टेनची एक बालसुलभ धून वाजते आणि बाईचा आवाज पाणी तयार असल्याचं सांगतो. सगळं घर ते ऐकतं. मला हे फार लोभस वाटलं. पण त्याच घराची बोळकांडी हिवाळ्यात बर्फासारखी असते, कारण जपानात ज्या खोलीत माणूस तीच खोली तापवायची रीत. थंडीतून कढत पाण्यात जाताना रक्तदाब हेलकावतो. वृद्धांचे टबात बुडून होणारे मृत्यू रस्त्यावरच्या अपघातांतल्या मृत्यूंहून जास्त आहेत. इंग्रजी घरांत दर खिडकीखाली रेडिएटर असतो, त्याची तिथे मला फार आठवण यायची. या बाबतीत मी निःसंशय इंग्रजांच्या बाजूची आहे.

जवळच एक सेंतो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह होतं. १९६८च्या सुमारास जपानभर अशी १८,०००च्या घरात होती, आता २,०००ही उरली नाहीत. त्यांच्या दराची कमाल मर्यादा आजही सरकार ठरवतं, कारण अंघोळ ही गरज मानली जाते. तिथलं पाणी मला सोसेना. टबाला गार पाण्याचा नळ होता, पण तो आपल्या मनानं सोडायचा नसतो. पाण्यात बसलेल्या बायकांना आधी विचारायचं. मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं. एक आजीबाई हसल्या, मान हलवली, आणि मी बसले होते तिकडच्या कोपऱ्यातला नळ स्वतः थोडासा सोडला. दुसऱ्या बाजूला बसलेलीला कढतच हवं होतं, तिचंही राखलं गेलं. विसण विचारून घालायचं असतं, हे मला आजवर कुणी असं दाखवलं नव्हतं. डिसेंबरात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी टबात युझूची पिवळी फळं तरंगत. तो वास आला की मला नरक चतुर्दशीची पहाट, उटणं आणि घरभर चाललेली ‘आता कुणाचा नंबर’ ही हाकाटी आठवे.

आता पुण्यात राहते. नव्या इमारतींत दर झोपायच्या खोलीला तिचं न्हाणीघर, त्याचा वेगळा गीझर. कुणाची आंघोळ झाली, कुणाची राहिली, हे घरात कुणालाच कळत नाही. नातवंडांना दाराला कडी लावून हवा तितका वेळ मिळतो, तेही त्यांच्या वयाला हवंच. तरी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पाण्याची सामाईक टाकी आहे, तिचा मला आधार वाटतो. पावसाळ्यात ती नीट तापत नाही. मग सगळ्यात आधी उठणाऱ्या पाचव्या मजल्यावरच्या काकू नळाखाली हात धरून बघतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात: ‘आज पाणी कमी तापलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं होऊ दे, मग बाकीच्यांनी नळ सोडा.’