आधी सूचना वाचा

प्रश्नपत्रिकेत सर्वांत कमी वाचल्या जातात त्या वर छापलेल्या सूचना, हे शाळेत शिकवताना कळलं. पुढे संगणकाशी गाठ पडली, तिथेही तेच!

जुन्या ब्लॉगर मंडळींना विंडोज एक्सपी आठवत असेल. युनिकोड मराठी उघडलं की 'कि'ची वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं तुटायची. जो तो म्हणे, फॉन्ट बदला. खरा उपाय कंपनीच्याच सूचनांत होता. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करायची, सीडी घालायची, संगणक पुन्हा सुरू करायचा. अक्षरं जुळवणारी यंत्रणाच बसवलेली नसेल, तर नवा फॉन्ट काय करणार? २००७ च्या व्हिस्टापासून ती आधीच बसवलेली येऊ लागली.

हे आठवलं ते २०२३ मध्ये. इथे खडवलीतच आमच्या शेजारी एक मुलगी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा. पायथॉनमधला प्रोजेक्ट चार दिवसांवर आला होता आणि संगणक म्हणे, पायथॉन सापडत नाही. व्हिडिओ बघून बघून तिने पायथॉन तीनदा बसवलं होतं. लायब्ररी एका प्रतीत जायची, प्रोग्रॅम दुसरीतून चालायचा. "बाई, मला नाही जमणार हे, मी डिप्लोमाच सोडते," म्हणाली.

मला पायथॉन येत नाही. इंग्रजी मात्र सावकाश वाचता येतं. पायथॉनवाल्यांचं विंडोजसाठीचं पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी वाचायची, तिने करायचं. 'पाथ' म्हणजे संगणक ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधतो त्यांची यादी. तेव्हाच्या इन्स्टॉलरमध्ये त्या यादीत नाव घालण्याचा चौकोन रिकामाच यायचा, खूण आपण करायची असायची. जुन्या प्रती काढल्या, एकच बसवली, खूण केली, कमांडची नवी खिडकी उघडली आणि मग लायब्ररी घातली. तासाभरात प्रोग्रॅम चालला.

तिला कळत नव्हतं असं नाही. पान इंग्रजीत, म्हणून ते आपल्यासाठी नाही असं तिने धरलं होतं. व्हिडिओतला प्रत्येक उपाय दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकाचा होता, आणि असे चार उपाय एकावर एक रचले की मूळ दुखणं कुठलं तेच कळेनासं होतं.

बनवणाऱ्यांच्या पानातही चूक असू शकते. पण ओळीने गेलं की कुठल्या ओळीवर अडलं ते सांगता येतं. मदत करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

तेव्हा मंडळी, घरातलं एखादं पोर असं अडलं असेल तर लगेच उपाय सांगू नका. शेजारी बसा आणि ते पान त्याच्याबरोबर वाचा. पहिल्या ओळीपासून.