नजरेचा अंदाज, लेझरचं माप

उलव्यात आज कुणालाही अंतर विचारा, उत्तर मिनिटांत येतं. खारकोपर स्टेशन रिक्षानं पाच मिनिटं, अटल सेतू दहा मिनिटं, विमानतळ तर समोरच. सिडको यायच्या आधीच्या आमच्या गावात अंतर मोजायचं ते पावलांनी, हाकेनं आणि गोफणीनं. धोंडा पोचेल तिथवर आपली राखण, एवढा साधा हिशेब.

खारीतलं भात पोसायला लागलं की रात्री रानडुकरं उतरायची. माळ्यावर आजा असायचा आणि सोबतीला वाडीवरचा एक कातकरी, बांबूचा तिरकमठा घेऊन. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधीची ही गोष्ट. अंधार पडायच्या आत तो गडी माळ्यावरून उतरायचा आणि पावलं टाकत चहूकडे फिरून यायचा. बोरीचं झुडूप पंधरा पावलं, बांधाचा कोपरा वीस, खारबांधाच्या पाण्याचं दार, म्हणजे उघाडी, त्याच्याही पलीकडे. उघाडीपाशी डुक्कर दिसलं तरी कमठा उचलायचा नाही. आम्ही पोरं चुळबुळ करू लागलो की आजा दबक्या आवाजात म्हणायचा, "येव दे जवल."

या खुणांवरून अंतर ताडणाऱ्या त्या नजरेचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. नजर चुकायची. चांदण्यात, पाणी साचलेल्या शेतावर, अंतर फार फसवं दिसतं. बाण थोडा खाली लागला की जखमी जनावर तिवरांत शिरायचं आणि सकाळी चिखलातला माग काढत फिरावं लागायचं. कधी सापडायचं, कधी नाही.

आता घरात नातवाचं कंपाउंड धनुष्य आहे. 2023 साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच स्पर्धेत जगज्जेते झाले, तेव्हापासून त्याला हे वेड लागलं. त्या स्पर्धेत लक्ष्य 50 मीटरवर ठरलेलं असतं, अंदाजाचा प्रश्नच नाही. पण नातवाला ओढ फील्ड आर्चरीची. तिथे रानावनात, चढउतारावर लक्ष्यं लावतात आणि काहींचं अंतर सांगतच नाहीत. स्पर्धेत अंतर मोजणारा रेंजफाइंडर चालत नाही, म्हणून सरावात आपला अंदाज पडताळायला त्यानं तो घेतला.

मुठीत मावणारं यंत्र. बटण दाबलं की लेझरचा किरण जाऊन परत येतो. 30 मीटरला जाऊन यायला सेकंदाचा पन्नास लाखावा भाग लागतो आणि त्यावरून अंतर निघतं. एवढी काटेकोरी कशाला, असं मी विचारलं, तेव्हा नातवानं कागदावर गणित मांडलं. सेकंदाला 85 मीटर वेगानं सुटलेला बाण 30 मीटरवर जितका खाली येतो, त्याहून 35 मीटरवर वीतभर जास्त येतो. म्हणजे पाच मीटरची चूक आणि नेम खाली. आमच्या तिवरांतल्या रक्ताच्या मागाचं कारण मला इतक्या वर्षांनी त्या कागदावर दिसलं.

यंत्र निवडतानाही बरंच पाहावं लागतं. आपल्या भागात रेंजफाइंडर बहुधा गोल्फवाल्यांच्या हातात, खारघरच्या मैदानावर वगैरे. तो तिरंदाजाच्या कामाचा नाही. चढावर चेंडू जास्त जोरानं मारावा लागतो, म्हणून गोल्फचं यंत्र चढाला अंतर वाढवून दाखवतं. बाणाचं उलटं. लक्ष्य वर असो वा खाली, हिशेबात धरायचं ते आडवं अंतर. तीस अंशांच्या उतारावर 40 मीटर दिसलं, तर नेम सुमारे 35 मीटरचाच धरायचा. शिवाय मधल्या गवताच्या पात्यावरून किरण परतला तर आकडा गवताचा येतो, म्हणून मागची वस्तू पकडणारी सोय लागते. आणि काळे आकडे तिन्हीसांजेला दिसत नाहीत, उजळणारे हवेत.

परदेशात कायद्यानं परवानगी असलेले धनुर्धारी शिकारी झाडावरच्या मचाणावर बसतात, तेव्हा जनावर यायच्या आधीच आसपासची झाडं, दगड, पायवाट या यंत्रानं मोजून ठेवतात. जनावर समोर आल्यावर हालचाल करायची सोय नसते. नातवानं हे सांगितलं आणि मला बोरीचं झुडूप आठवलं. पद्धत तीच, पावलांच्या जागी लेझर आला.

मग गेलं काय? आमच्या नजरेच्या खुणा गेल्या. नव्वदेक मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं, आणि 8 ऑक्टोबर 2025 ला त्या जागेवर विमानतळाचं उद्घाटन झालं. टेकडी किती मोठी दिसते यावरून आपण कुठे आहोत ते कळायचं. आता चहूकडे सारख्याच इमारती, नजरेला धरायला काही नाही. आणखी एक गेलं, ते म्हणजे थांबणं. अंतराची खात्री नसायची, म्हणून जुना माणूस अंतर कमी होईपर्यंत दम धरायचा. आकडा हातात आला की लांबूनच मारायचा मोह होतो. खरं तर त्याच आकड्याचा मोठा उपयोग आज नको, फार लांब आहे, हे कळण्यासाठी आहे.

नातवाला मी एकच नियम घालून दिलाय. आधी डोळ्यानं बघून आकडा मोठ्यानं सांगायचा, मगच बटण दाबायचं. सुरुवातीला त्याचा अंदाज दहा-दहा मीटरनं चुकायचा. आता दोन-तीन मीटरच्या आत येतो. माझा अजून जरा बरा आहे, पण फार दिवस राहील असं वाटत नाही.