शंभरातले साठ-सत्तर रुपये

काल सभेच्या बातमीला गेलो. मंडपाबाहेर पुढाऱ्यांच्या गाड्या एसीसाठी तासभर चालूच. एका ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, बंद करा की." तो हसला, "पत्रकारसाहेब, डिझेल कुठं आपल्या खिशातलं?"

माझं मात्र खिशातलंच जातं. मानधनाचा मोठा हिस्सा पेट्रोलात.

मित्रांनो, चालत्या गाडीतही इंधनाच्या शंभरातले साठ-सत्तर रुपये रेडिएटर-सायलेन्सरमधून उष्णता होऊन उडतात. टर्बोचार्जर त्याच धुराच्या जोरावर फिरून थोडं वसूल करतो. सीबेकच्या १८२१ च्या शोधावरची यंत्रं उष्णतेची थेट वीज करतात. पण गाडीत ती महाग पडतात, वीजही थोडीच देतात.

उभ्या गाडीत तर चाकाला एक पैसाही मिळत नाही. ते वाचवायला नवा शोध कशाला? किल्ली फिरवा. पुढाऱ्यांनीच सुरुवात करावी. शेवटी पैसा आपलाच.