सातशे सत्तावीस फेरे

आमच्या वेळी भरतीचे 1600 मीटर म्हणजे बाबांच्या सायकलचे 727 फेरे. हा हिशेब माझ्या एका मित्राचा. त्याने चाकाभोवती सुतळी गुंडाळली, शाळेच्या पट्टीने मोजली आणि 2.2 मीटर असा निकाल दिला. मग स्पोकला लाल चिंधी बांधायची. सायकल हातात धरून चालायचं, चिंधी वर आली की एक म्हणायचं, शंभर झाले की खिशात एक खडा टाकायचा. सात खडे आणि वर सत्तावीस. तिथे चुन्याची रेघ मारली, की नागपूरजवळच्या खापरखेड्यातल्या आम्हा पाचसहा पोट्ट्यांचं ग्राउंड तयार.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. औष्णिक वीज केंद्राच्या 210 मेगावॅटचे पहिले दोन संच सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. गावातल्या कोणाचा ना कोणाचा बाप एकतर केंद्रात नाहीतर सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीत पाळीवर असे, आणि आम्हाला मात्र फौजेत जायचं होतं. कामठीची छावणी जवळच. तिथले जवान पहाटे ओळीने धावताना पाहिले, की आपणही असंच धावायचं, एवढंच डोक्यात.

उठवायला गजर नव्हता, खाणीच्या पाळीला निघणाऱ्या माणसांच्या सायकलींचा खडखडाट होता. वेळ मोजायला बाबांचं किल्लीचं एचएमटी. ते मनगटावर बांधून धावायची परवानगी नव्हती. घामाने पट्टा खराब होतो म्हणून. त्यामुळे एकजण रेघेवर घड्याळ घेऊन उभा राही आणि सेकंदकाट्याकडे बघत ओरडे. ज्याच्याशी त्याचं आदल्या दिवशी भांडण झालं असेल त्याचे दोनचार सेकंद हमखास वाढत.

वेगाचा सराव करायचा तर छोट्या गाडीशी. नागपूर-छिंदवाडा मार्गावरची ती 762 मिलिमीटर रुळांची नॅरोगेज गाडी स्टेशनाजवळ वेग कमी करायची. तेव्हा तिच्या बाजूने, गिट्टीपासून चार हात लांब, जीव काढून धावायचं. दारात बसलेले लोक आरडाओरडा करत. ती गाडीच आमची पेसर. 2015 मध्ये रुंदीकरणासाठी ती गाडी बंद झाली. आता तिथून ब्रॉडगेजची गाडी जाते. तिच्याशी शर्यत लावायचं कोणी मनातही आणत नाही.

आज माझी पुतणी पोलीस भरतीची तयारी करते आहे. मुलींना 800 मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. तिच्या मनगटावर काळं जीपीएस घड्याळ असतं. पहाटे साडेचारला ती अंगणात हात वर करून उभी राहते. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा वाटलं सूर्याला अर्घ्य देते आहे, पण सूर्य उगवायला अवकाश होता.

"काय करून राहिली गं?"

"सिग्नल नाही भेटून राहिला काका. थांबा ना."

सिग्नल येतो तो 20,200 किलोमीटर उंचीवरून. निदान चार उपग्रहांचा संदेश आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, यावरून घड्याळ आपण कुठे आहोत ते काढतं. मग दर सेकंदाला एक ठिपका आणि ठिपक्याला ठिपका जोडून अंतर. 2 मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालत असे. ती बंद झाली आणि त्यानंतर तीनेक वर्षांत गार्मिनचं पहिलं धावपटूंचं घड्याळ बाजारात आलं. म्हणजे आम्ही चिंध्या मोजत होतो तेव्हा आकाशात उपग्रह फिरत होतेच, आमच्यासाठी नव्हते इतकंच.

पण या ठिपक्यांची एक खोड आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर ते गुणी पोरासारखे ओळीत चालतात. दाट झाडांखाली किंवा उंच इमारतींच्या कडेने गेलं, की सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि ठिपका नालीपलीकडे पडतो. चारशे मीटरच्या ट्रॅकवर तर फारच गंमत. दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या तरी घड्याळ कधी 780 म्हणतं, कधी 830. ज्या परीक्षेत एकेका सेकंदावर गुण अवलंबून, तिथे हे चालेल कसं? पुतणी आता ट्रॅकवर अंतराकडे बघतच नाही, रेघेवर आली की बटण दाबते. म्हणजे एवढं महागडं घड्याळ शेवटी स्टॉपवॉच म्हणून वापरायचं.

हृदयाच्या ठोक्यांचंही तसंच. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी बघतो. पट्टा सैल असला तर ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजून बसतो. एकदा हळू धावतानाही 178 दाखवलं आणि पोरगी घाबरून पुलियावर बसली. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधल्यावर आकडा ताळ्यावर आला.

तरी मी या घड्याळाला नावं ठेवणार नाही. आमच्या टोळीत एकही असा नव्हता ज्याची नडगी दुखली नाही. दुखली तर तेल चोळायचं आणि दुसऱ्या दिवशी जास्त पळायचं, हे आमचं शास्त्र. आठवड्यात किती पळालो, कोणी मोजलंच नाही. तिचं घड्याळ मोजतं आणि मागच्या आठवड्यापेक्षा फार झालं की टोकतं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास असताना तोच वेग ठेवायला हृदयाला किती जास्त राबावं लागतं, ते तिला आकड्यात दिसतं. आम्हाला तोंडात थुंकी उरली नाही की कळायचं. आम्ही सगळे पहिल्या चारशे मीटरात उधळायचो आणि शेवटी रांगायचो. ती पहिला फेरा हात राखून पळते. हे तिला घड्याळाने शिकवलं, मी नाही.

एका गोष्टीवर मात्र मी तिच्याशी भांडलो. धावून आली की तिचा नकाशा मोबाइलवर सगळ्यांना दिसत असे: कुठल्या दारातून निघाली, किती वाजता, कुठे वळली. जानेवारी 2018 मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने स्ट्राव्हा या धावपटूंच्या अ‍ॅपच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतं, की वाळवंटातले लष्करी तळ जवानांच्या धावण्याच्या रेषांनी उजळले आहेत. जिथे फौज फसली तिथे अंधारात एकटी पळणारी पोरगी काय? तिने घराभोवतालचा भाग नकाशातून झाकला आहे. आमच्या वेळी आमचा रस्ता फक्त चुन्याच्या रेघेला माहीत होता.

आता माझ्या भरतीचं सांगतो. 1600 मीटरला मी आमच्या रेघेवर हमखास पास होत होतो. प्रत्यक्ष मैदानावर वेळ संपली, दोर ओढला गेला आणि मी दोराच्या मागे राहिलो. वीसेक पावलं. पंचवीस वर्षं मी ते नशिबावर ढकललं. मग कुठेतरी वाचलं, की अधिकृत मॅरेथॉनचा मार्ग आजही जीपीएसने मोजत नाहीत, सायकलने मोजतात! पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावतात. आधी पोलादी फितीने मोजलेल्या तुकड्यावर सायकल चालवून तपासतात, मोजणी झाल्यावर पुन्हा तपासतात, कारण उन्हाने टायर तापलं तरी चाकाचा घेर बदलतो. वर दर हजार मीटरला एक मीटर जादा धरतात, रस्ता कमी भरू नये म्हणून.

वाचून हसू आलं आणि मग हसू थांबलं. बाबांच्या सायकलचं मागचं चाक कायम अर्धं बसलेलं असे. चिंधी त्याच चाकाला होती. सुतळी गुंडाळली तेव्हा सायकल उलटी करून ठेवलेली, चाक हवेत आणि गोल. जमिनीवर ते दबत होतं, घेर घटत होता. घेर एक टक्का घटला तरी 1600 मीटरात 16 मीटर गेले. आम्ही सगळा हिवाळा तोकड्या रस्त्यावर शूर झालो होतो.

पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग काका, तुमच्याहून माझं घड्याळ बरं." तिच्या ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या दिवशी हे घड्याळ गेटबाहेर माझ्या हातात राहणार आहे. आत ते नेता येत नाही.

तुमच्या घरात कोणी भरतीची तयारी करत असेल आणि ऐपत असेल, तर घड्याळ जरूर घेऊन द्या. घराभोवतीचा नकाशा आधी झाका. पण 800 किंवा 1600 मीटरची रेघ एकदा सायकलनेच मारून घ्या. आणि मोजायला निघण्याआधी, कृपा करून, चाकात हवा भरा.