चौथं नाव

१९७६ सालच्या त्या हिवाळ्यात पुण्यात संध्याकाळ लवकर संपायची. ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबातल्या तिघांचा खून झाला, १ डिसेंबरला संस्कृत व्याकरणाचे पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर यांच्या घरातल्या पाच जणांचा. खुनी कोण, याचा पत्ता नव्हता. त्यामुळे प्रत्येक अनोळखी माणूस खुनी होता. मगरिबच्या नमाजनंतर अब्बा आम्हां पोरांना दाराबाहेर पाऊल टाकू देत नसत. कोणी कडी वाजवली तर अम्मी आधी आवाज ओळखायची, मग दार उघडायची.

मार्च १९७७ मध्ये बंडगार्डनजवळ नदीत, लोखंडी शिडीला बांधलेलं एका तरुणाचं प्रेत सापडलं. दोरी नायलॉनची, आधीच्या खुनांत वापरलेली तशीच. पोलिसांनी त्याच्या ओळखीतल्या मुलांकडे विचारपूस सुरू केली. चौघांच्या सांगण्याचा मेळ बसेना. मार्चअखेर चौघांना अटक झाली. चौघंही अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. वर्तमानपत्रात नावं आली : राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह.

अब्बांनी पहिली तीन नावं मोठ्यानं वाचली. चौथं मनात वाचलं आणि पेपरची घडी घातली. अशा वेळी आमच्या घरांत काय होतं, हे वेगळं सांगायला नको. पहिल्या तिघांच्या जातभाईंना कुणी जाब विचारणार नव्हतं.

पुढे या खटल्याविषयी मिळेल ते वाचत गेलो, ते त्या चौथ्या नावामुळेच. यातला पहिला खून जानेवारी १९७६ मधला, चौघांच्याच एका वर्गमित्राचा. तो पाहिलेला आणखी एक वर्गमित्र माफीचा साक्षीदार झाला. पण माफीचा साक्षीदार हा स्वतःच गुन्ह्यातला भागीदार. आपली मान सोडवायला तो दुसऱ्याची अडकवू शकतो. म्हणून कोर्ट नुसत्या त्याच्या शब्दावर विसंबत नाही, त्याला बाहेरचा आधार मागतं. तो आधार पेशवे पार्कच्या तळ्यातून वर आला. एक लोखंडी पिंप, आणि त्यात त्या मुलाचे अवशेष.

दहा खून. लोकांनी चौघांना हातात मागितलं असतं तर नवल नव्हतं. पण त्यांना वकील मिळाले, साक्षीदारांची उलटतपासणी झाली. मे १९७८ मध्ये सुरू झालेल्या खटल्याचा निकाल न्यायाधीश वा. ना. बापट यांनी २८ सप्टेंबरला दिला : चौघांनाही फाशी. १९७९ मध्ये उच्च न्यायालयानं आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात ती अंमलात आली. मुनव्वरनं तुरुंगात आत्मकथन लिहिलं. त्यात त्यानं आपला गुन्हा नाकारला नाही.

फाशी असावी की नसावी, यावर माझं मन अजून ठरत नाही. पण एक गोष्ट मला पटली आहे. गर्दीला संशयासाठी नाव पुरतं. कोर्टाला दोरी, पिंप आणि साक्ष लागते. त्या चौघांत चौथ्याला नावापायी एक दिवस जास्त नाही की कमी नाही. चौघांना एकाच मापानं मोजलं गेलं. आमच्यासारखं नाव घेऊन या देशात जगणाऱ्याला याहून मोठा दिलासा नाही. म्हणूनच कुठे पुराव्याआधी आडनाव वाचलं जाताना दिसलं, की मला तो पिंप आठवतो. तो तळ्यातून वर येईपर्यंत कायदा थांबला होता.