बऱ्हाणपुरातील तीन दिवस

फैजपूरच्या महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत बऱ्हाणपूर पाहावयास निघाला, तेव्हा घरातील कोणालाही त्याचे कौतुक वाटले नाही. बऱ्हाणपूर म्हणजे मावशीचे गाव. लग्नकार्यास जावे, मावा जिलेबी खावी आणि संध्याकाळच्या गाडीने परत यावे, एवढाच त्या गावाशी घराचा संबंध. खुद्द त्यालाही लहानपणापासून ते गाव तेवढेच ठाऊक होते.

पण त्या वर्षी ग्रंथालयात त्याच्या हाती निकोलाव मनुची या प्रवाशाच्या वृत्तान्ताचा अनुवाद आला. मनुची हा इटलीतील व्हेनिस नगरीचा. वयाच्या चौदाव्या वर्षी तो घरी न सांगता एका गलबतात लपून बसला आणि जग पाहावयास निघाला. इराणमार्गे १६५६ साली तो सुरतेस उतरला, आणि तेथून आग्र्याकडे जाताना वाटेत त्याला बऱ्हाणपूर लागले. त्या वेळी त्याचे वय सतरा-अठरा वर्षांचे होते. आपल्या विद्यार्थ्याचेही वय तेवढेच. व्हेनिसचा मुलगा समुद्र ओलांडून येतो आणि जे नगर पाहून जातो, ते आपण सुमारे पन्नास किलोमीटरवर राहून पाहिले नाही, ही गोष्ट त्याच्या मनास लागली.

घरातून थोडे दूर जावे असे वाटण्यास आणखीही एक कारण होते. त्या वर्षी त्यांच्या मळ्यातील ट्यूबवेलचे पाणी फार खाली गेले होते. आजोबांच्या वेळची विहीर तर केव्हाच कोरडी पडलेली. केळीच्या पिकास पाणी फार लागते. त्यामुळे आबांनी निम्मीच केळी लावली होती, आणि कर्ज काढून आणखी खोल जावे की न जावे, याचा विचार घरात रोज रात्री चाले. विद्यार्थी ते सारे ऐके आणि पुस्तक उघडून नुसता बसून राही.

सावद्याच्या स्टेशनावर तो गाडीत बसला. निंभोरा, रावेर, वाघोडा ही स्टेशने मागे पडली. उजव्या-डाव्या बाजूंना केळीच्या बागा आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. वाघोड्यानंतर महाराष्ट्राची सीमा संपली. पण बागा तशाच होत्या आणि डोंगरही तोच होता. बदलल्या त्या केवळ पाट्या.

पहिल्या दिवशी तो किल्ल्यात गेला. तापीच्या काठावर उंच तटांचा हा शाही किल्ला उभा आहे. तो फारुकी राजांनी बांधला आणि पुढे मोगलांनी वाढविला. हे फारुकी म्हणजे खानदेशचे सुलतान. पंधराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास त्यांनी हे नगर वसविले आणि बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव त्यास दिले. येथून त्यांनी खानदेशावर राज्य केले. म्हणजे मावशीचे गाव ही एके काळी फैजपूरची राजधानी होती! शाळेत राजधान्या पाठ करताना त्याने दिल्ली, रायगड, पुणे, देवगिरी सारे पाठ केले होते. स्वतःच्या प्रांताची राजधानी मात्र कोणी विचारली नव्हती आणि त्यानेही सांगितली नव्हती.

किल्ल्याचा बराच भाग पडला आहे. हमामखान्याच्या घुमटाखाली मात्र जुने रंग अजून तग धरून आहेत. फुले, वेली आणि निळ्या-तांबड्या रेघा यांच्यामध्ये एक इमारत रंगविली आहे. ती ताजमहालासारखी दिसते असे दाखविणारे सांगतात. विद्यार्थ्याने मान वर करून पुष्कळ वेळ पाहिले, पण त्यास तसे काही वाटेना. ज्या मुमताजमहालासाठी ताजमहाल उभा राहिला, ती मात्र खरोखरच याच नगरात वारली. १६३१ सालच्या जून महिन्यात आपल्या चौदाव्या अपत्यास जन्म देताना तिचा अंत झाला. तापीच्या पलीकडे जैनाबादेस आहुखाना नावाची बाग होती. तेथे तिला प्रथम पुरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्यास नेला. संध्याकाळी तो नदी ओलांडून आहुखान्यातही जाऊन आला. पडक्या भिंती आणि वाळलेले गवत यांपलीकडे तेथे पाहण्यासारखे फारसे नव्हते. जगभरचे लोक आग्र्यास जातात. इकडे कोणी फिरकत नाही.

रात्री मावशीने विचारले, "काय रे, पाहिलंस का बऱ्हाणपूर?"

"पाहिलं गं," तो म्हणाला, "पण सगळं पडलेलंच आहे."

मावशीचे यजमान यंत्रमागाच्या एका कारखान्यात हिशेब लिहीत. ते हसून म्हणाले, "सगळं कसं पडेल? हा आवाज ऐक." गल्लीच्या टोकाकडून मागांचा खडखडाट येत होता. मनुचीने येथील तलम वस्त्रांविषयी लिहिले आहे. स्त्रियांच्या डोक्यावर घ्यावयाची पांढरी-तांबडी वस्त्रे येथे विणली जात, आणि ती नेण्यास इराणी व आर्मेनियन व्यापारी येत. ते तलम कापड आज राहिले नाही, यंत्रमागावर दुसरेच निघते. पण माग थांबलेले नाहीत, एवढे खरे. त्या खडखडाटातच त्याला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जामा मशिदीत गेला. ही दगडी मशीद राजा अलीखान या फारुकी राजाने बांधली. कमानींची लांबच लांब रांग, तिच्या दोन टोकांस दोन उंच मनोरे, आणि दगडावरचे नाजूक कोरीव काम. आत एका भिंतीवर अरबी अक्षरांचा शिलालेख आहे. त्याच्या खाली पाहतो तो काय, देवनागरी अक्षरे! भाषा संस्कृत. त्यात बांधणाऱ्या राजाच्या पूर्वजांची नावे आहेत आणि काळ दिला आहे तो विक्रम संवत १६४६, शके १५११ असा. शके वाचताच त्याने तेथेच हिशेब केला. शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन निघतो. त्याप्रमाणे आले १५८९. पण लेखातील महिना पौष, आणि पौषात बहुधा नवे इंग्रजी वर्ष लागलेले असते. म्हणजे १५९० चा जानेवारी. पंचांगाच्या पहिल्या पानावर आजी जो शक वाचून दाखवी, तोच हा शक, मशिदीच्या भिंतीवर. अरबी त्यास येत नव्हती, पण हा लेख काही त्याला परका वाटला नाही. पुढे अकराच वर्षांनी, १६०१ मध्ये, अकबराने अशीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. त्या विजयाचाही लेख या मशिदीत कोरलेला आहे.

त्या दुपारी तो गावातून पुष्कळ हिंडला. मिर्झाराजे जयसिंग, ज्यांनी १६६५ साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह केला, ते दोन वर्षांनी याच नगरात वारले. त्यांची छत्री पाहावयास मिळाली. बोहरा समाजाची संगमरवरी दर्गाह-ए-हकीमी दिसली. तिची स्वच्छता पाहून त्यास किल्ल्यातील गवत आठवले.

तिसरा दिवस त्याने परतीसाठी ठेवला होता. पण काका म्हणाले, "कुंडी भंडारा पाहिल्याशिवाय जाऊ नकोस. तुझ्या आबांनाही मी कितीदा सांगितलं. त्यांना कधी वेळ मिळाला नाही."

नगराच्या बाहेर, सातपुड्याच्या दिशेस, मोकळ्या रानात एका ओळीने दगडी कठडे दिसू लागले. दुरून पाहणाऱ्यास वाटावे, एवढ्या विहिरी एकाच रांगेत कोणी खोदल्या? त्याच कुंड्या. अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत, आणि त्या सर्व जमिनीखालून एका बोगद्याने जोडलेल्या आहेत. एका कुंडीतून खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसविली आहे. रखवालदाराने त्यास तीत उभे केले. वरचे आकाश हळूहळू लहान होत गेले; अखेरीस ते ताटाएवढे उरले. सुमारे ऐंशी फूट खाली त्याचे पाय थंड पाण्यात टेकले.

पाणी वाहत होते! डबक्यासारखे साचलेले नव्हते. पायांवरून हळूहळू पुढे सरकत होते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर जमले होते आणि त्यांतून थेंब पाझरत होते. बोगद्यात पुढे ठराविक अंतरावर वरून उजेडाचा एकेक खांब पडला होता. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. फक्त थेंबांचा टपटप नाद.

वर आल्यावर त्याने रखवालदारास प्रश्नांवर प्रश्न विचारले. म्हाताऱ्याने काठीने मातीत रेघ ओढून त्यास सारे समजावून दिले. सातपुड्यावर पाऊस पडतो. पायथ्याशी गोटे, वाळू आणि मुरूम यांचा जाड थर आहे. तेथे पाणी जमिनीत मुरते आणि आतल्या आत तापीकडे उतरू लागते. बांधणाऱ्यांनी हे हेरले. त्यांनी डोंगराच्या बाजूने, पाणी धरणाऱ्या थरातून, अगदी अल्प उताराचा बोगदा खणला. पाझरणारे पाणी त्यात शिरले आणि उताराने आपोआप नगराकडे चालू लागले. कुंड्या खणल्या त्या माती बाहेर काढण्यासाठी, आणि पुढे हवा, उजेड व साफसफाई यांसाठी. इराणात अशा भुयारी पाटांस कनात म्हणतात. तेथून आलेल्या जाणकाराच्या साहाय्याने सुमारे १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानान याने हे काम करविले. हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे असतात तोच हा रहीम. 'पाणी' या शब्दाच्या अनेक अर्थांवर त्याने एक दोहा रचला आहे. तो लिहिणाऱ्याने खरोखरीचे पाणीही लोकांच्या दारी आणले होते, हे पुस्तकात कोठे लिहिलेले नव्हते. याच सुमारास औरंगाबादेस मलिक अंबरानेही भुयारी नहर काढली होती. हे दोघे एकमेकांचे शत्रू, पण दोघांनीही नगरास पाणी आणले ते जमिनीखालून.

"बाबा, हे पाणी आटत नाही का?" विद्यार्थ्याने विचारले.

"कमी झालं, बेटा," म्हातारा म्हणाला. "वर डोंगरात झाडं राहिली नाहीत, आणि खाली जो तो भोक पाडतो. पण अजून आहे."

विद्यार्थी बराच वेळ कुंडीच्या कठड्यावर बसून राहिला. त्याला मनुची आठवला. त्याचे व्हेनिस पाण्यात उभे आहे, पण ते पाणी खारे. तेथील लोक चौकाचौकांत जमिनीखाली टाकी बांधीत, पावसाचे पाणी वाळूतून गाळून तीत साठवीत आणि तेच पीत. अशा नगरातून आलेल्या मुलाने बऱ्हाणपूरच्या नदीचे पाणी फार निर्मळ आहे हे आवर्जून का लिहून ठेवले, ते त्यास त्या दिवशी समजले. वाचताना ते वाक्य त्याने भरभर ओलांडले होते.

समोर सातपुडा होता. हीच रांग पश्चिमेकडे रावेर, यावल यांच्या डोक्यावरून जाते. गोट्यांचा आणि वाळूचा तसाच थर त्यांच्या मळ्याच्या वरच्या अंगासही आहे. त्या बाजूने उतरणाऱ्या नाल्यात लहानपणी तो गोटे वेचीत असे. पावसाळ्यात नाल्यास दोन दिवस लोंढा येई आणि तिसऱ्या दिवशी पाणी नाहीसे होई. ते कोठे जाते, असे त्याने कधी कोणास विचारले नव्हते.

संध्याकाळच्या गाडीने तो सावद्यास उतरला. आबा मोटारसायकल घेऊन आले होते. त्याच्या हातातील मावा जिलेबीचा पुडा त्यांनी पिशवीत ठेवला आणि विचारले, "मग, काय काय पाहिलंस?"

किल्ला, मशीद, आहुखाना ही सारी नावे त्याच्या ओठांवर आली, पण तो म्हणाला, "आबा, ऐंशी फुटांवर वाहतं पाणी पाहिलं."

आबांनी गाडी सुरू केली नाही. ते थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ऐंशी फुटांवर? वाहतं?"

"हो. चारशे वर्षं झाली."

मग स्टेशनाबाहेरच्या दिव्याखाली उभे राहून त्याने आबांना सारे सांगितले, आणि वहीच्या मागच्या पानावर डोंगर, गोट्यांचा थर, बोगदा आणि कुंड्या काढून दाखविल्या. आबांनी वही उजेडाकडे धरली. डोंगराच्या पायथ्याशी काढलेल्या ठिपक्यांवर त्यांनी बोट ठेवले आणि विचारले, "हे आपल्या नाल्यासारखंच ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे, घरातील मंडळी उठण्यापूर्वीच, ते दोघे नाल्याच्या वरच्या अंगास गेले. आबांच्या खांद्यावर कुदळ होती.