चेंडू आणायला कोण गेलं?

कल्याण,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. वैशालीस,


तुझं टिपण मिळालं. वार्षिक अंकातलं 'शाळेची भरारी' हे सदर यंदा तुझ्या गळ्यात पडलं हे वाचून हसू आलं. खाजगी शाळेत नव्याने लागलेल्या मराठीच्या बाईंच्या वाट्याला ते येतंच. टिपण तसं नेटकं आहे. दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीवाले, संमेलन, खो-खोचा करंडक, सगळं आलंय. 'नेत्रदीपक' आणि 'उज्ज्वल' तेवढे खोडून टाक. पण मला बोलायचंय ते शब्दांबद्दल नाही. आपल्या कल्याणातल्याच एका शाळेच्या सामन्याबद्दल आहे.

४ आणि ५ जानेवारी २०१६. भंडारी करंडक, सोळा वर्षांखालील मुलांची आंतरशालेय स्पर्धा, वायले नगरचं मैदान. के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे पहिल्या दिवशी खेळ थांबला तेव्हा ६५२ वर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी गावभर बातमी झालेली, मैदानाकडे गर्दी लोटलेली, वाहिन्यांचे कॅमेरे आलेले. तो नाबाद १००९ वर पोचला आणि शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात तेरा वर्षांच्या आर्थर कॉलिन्सने १८९९ साली काढलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम ११६ वर्षं टिकला होता, तो रिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या मुलाने मोडला. त्या शाळेच्या अंकात ही बातमी कुठल्या पानावर छापायची हा प्रश्न कुणाला पडला नसणार.

आता आकड्यांकडे जरा वेगळ्या बाजूने बघ. प्रणवच्या खेळीत १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. म्हणजे १८८ वेळा चेंडू सीमेबाहेर गेला, आणि १८८ वेळा कुणीतरी तो परत आणला. प्रतिस्पर्धी होती आर्य गुरुकुल ही शाळा. त्यांची नेहमीची मोठी मुलं परीक्षेमुळे आलेली नव्हती, म्हणून लहान मुलं उतरवली होती. काहींना तर लेदरच्या चेंडूची सवयही नव्हती. आधी फलंदाजी करून ती ३१ धावांत आटोपली, मग उन्हात धावत राहिली, आणि दुसऱ्या डावात ५२ वर बाद झाली. पराभव एक डाव आणि १३८२ धावांनी. मैदान लहान होतं, गोलंदाजी कच्ची होती, अशी कुरबुर नंतर बरीच झाली. झाली ते बरोबरच. पण कुरबुर करणाऱ्यांनीही बोलायचं ते प्रणवच्या धावांचं मोल किती, एवढंच. सामना अर्धा टाकून ती पोरं घरी गेली नाहीत, हे कुणाच्या लेखी आलं का?

प्रणवची पुढची गोष्टही कुठल्या 'भरारी'त बसत नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली होती, पाच वर्षांसाठी. पुढे त्याचा खेळ तसा होईना, तेव्हा २०१७ साली त्याच्या वडिलांनी स्वतः असोसिएशनला पत्र लिहून ही रक्कम थांबवा म्हणून कळवलं. मी जर त्या शाळेचा अंक काढत असतो तर हजार धावांच्या खाली हे पत्र छापलं असतं, त्यांची परवानगी घेऊन. शाळेला ते पसंत पडलं नसतं, हेही खरं.

आणखी मागे जातो. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम विद्यामंदिरच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली: सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. हे आकडे तुला पाठ असतील, मुंबईकडच्या पोरांना ते पाढ्यांसारखे येतात. समोर सेंट झेवियर्स होती. त्यांच्या गोलंदाजांत एक लेगस्पिनर होता, त्याच्या २७ षटकांत १८२ धावा निघाल्या. त्याचं नाव साईराज बहुतुले. तेरा वर्षांनी, मार्च २००१ मध्ये, चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला, तेव्हा त्याच्या संघात तेंडुलकर होता आणि त्या कसोटीत तेंडुलकरने शतकही काढलं.

आणि शारदाश्रमच्याच तंबूत एक तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसला होता. पुढचा नंबर त्याचा. विकेट पडेना. भागीदारी दोन दिवस चालली आणि हा दोन्ही दिवस पॅड चढवून बसून राहिला. शाळेच्या क्रिकेटमधला सगळ्यात चमत्कारिक त्रास हाच असतो: पॅड उतरवले आणि नेमकी तेव्हाच विकेट पडली तर काय, म्हणून पट्टे सैल करायचे नाहीत, पाय घामाने भिजतात, पाणी प्यायलं तर मुतारीला जावं लागेल म्हणून तेही बेताने. मी शाळेत असताना एकदा निम्म्या दिवसापुरतं हे भोगलंय, म्हणून सांगतो. धावफलकात अशा मुलाच्या नावापुढे येतं ते एवढंच की त्याने फलंदाजी केली नाही.

तो मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार. रणजीच्या पहिल्याच सामन्यात हरयाणाविरुद्ध २६० काढणारा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि तीस शतकं नावावर असणारा, मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारा कर्णधार. आणि भारताकडून एकही सामना न खेळलेला. या महिन्याच्या २ तारखेला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा प्रशिक्षक तोच होता. कर्णधार हरमनप्रीत त्याच्या पाया पडली ते तूही टीव्हीवर पाहिलं असशील. त्या रात्री आमच्या चाळीत फटाके वाजत होते आणि मी आपला १९८८ चा हिशेब मांडत बसलो होतो. त्या वर्षीचा शारदाश्रमचा अंक मला मिळालेला नाही. कुठे हाती लागला तर त्यात अमोलचं नाव आहे का, एवढंच बघायचंय.

तेव्हा आता तुझ्या टिपणाकडे. निकालाची बातमी आहे तशी राहू दे, पालकांना ती हवी असते आणि संस्थाचालकांना तर जास्तच. संमेलनाच्या मजकुरात नाटकातल्या प्रमुख भूमिकांची नावं आहेत. पडद्याआड हातात वही घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीचं नाव विचारून घे. तिला सगळ्यांचेच संवाद पाठ असणार.

खो-खोच्या बातमीत तू लिहिलंयस की आपल्या मुलींनी प्रतिस्पर्धी संघाला डावाने हरवून 'चारी मुंड्या चीत' केलं. चारी मुंड्या चीत कुस्तीत करतात, ते बदल. आणि ती दुसरी शाळा कुठली होती? अख्ख्या बातमीत तिचं नाव मला सापडलं नाही. फोन करून कळव, अंक छापायला जायच्या आत.

तुझा,
जोशी मास्तर